मूल बोलत नाही. हातात चित्रं दिली तर बोलणं कायमचं थांबेल का?

रानफूल

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले. मुलगा चार वर्षांचा होतोय. अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. ऐकण्याची तपासणी आधीच केली होती, कानांत काही दोष नाही. शब्द म्हणाल तर तीन-चार, तेही रोज येतात असं नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो आणि माझाच हात उचलून बाटलीवर ठेवतो. बोट दाखवत नाही, मान हलवून हो-नाही सांगत नाही.

नव्या स्पीच थेरपिस्टनी चित्रांचा फलक (हवं त्या चित्रावर बोट ठेवून सांगायचं) सुरू करायला सांगितलंय, पुढे टॅबवर बोलणारं ॲप. त्यावरून घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, चित्र दाखवून सगळं मिळायला लागलं तर तो तोंड कशाला उघडेल? आधी ज्या केंद्रात जायचो तिथेही हेच ऐकलं होतं, की पाच वर्षांपर्यंत वाट बघा, चित्रं अगदी शेवटचा उपाय. तिथे त्याची आवडती वस्तू वर धरून ठेवायचे, शब्द म्हटल्याशिवाय द्यायची नाही. तो रडून रडून थकायचा आणि झोपून जायचा. मी बाहेर बाकावर बसून ऐकायचे.

मला एवढंच विचारायचंय. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? बोलणं थांबलं का? आणि सुरुवात कुठून केलीत?

तळटीप

मुलगा आता अकरा वर्षांचा. आम्ही साडेपाचाव्या वर्षी फलक सुरू केला, म्हणजे तुमच्यापेक्षा दीड वर्ष उशिरा. ती दीड-दोन वर्षं वाट बघण्यात घालवली याची बोच अजून आहे.

बोलणं थांबलं नाही. फार वाढलं असंही नाही, खरं तेच सांगतो. आज तोंडाने तीसेक शब्द येतात, बाकी सगळं टॅबवर. पण एक प्रसंग सांगतो. फलक नव्हता तेव्हा एकदा तो सलग तीन आठवडे स्वतःच्या जबड्यावर बुक्क्या मारत होता. सगळे म्हणाले बिहेवियर आहे, लक्ष देऊ नका, लक्ष दिलं की वाढेल. आम्हीही तेच केलं. शेवटी गाल सुजला तेव्हा दंतवैद्याकडे नेलं, तर दाढ मुळापर्यंत किडली होती. तीन आठवडे माझं पोर दाढ दुखतेय एवढं सांगू शकत नव्हतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

हल्ली तो टॅबवर ‘दुखतंय’ दाबतो आणि शरीराच्या चित्रावर बोट ठेवतो. दर वेळी जागा अचूक नसते, पण कुठून शोधायला लागायचं ते कळतं. तोंडून आलेला शब्द मोठा की बोटाने सांगितलेला, हा वाद माझ्यापुरता तेव्हाच मिटला.

वाचाभाषा

मी स्पीच थेरपिस्ट आहे. धागाकर्तीचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या थेरपिस्टनी सुचवलंय त्याला ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन म्हणतात, बोलताना आम्ही एएसी म्हणतो. मराठीत पूरक आणि पर्यायी संवाद. यातला ‘पूरक’ हा शब्द लोक विसरतात. हातवारे, खुणा, फोटो, चित्रफलक, बोलणारा टॅब, सगळं यात आलं. जे काही बोलणं आहे ते काढून घ्यायचं नसतं, त्याला जोड द्यायची असते.

आता बोलणं थांबतं का. 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांची मांडणी पक्की होती अशा अभ्यासांत 27 व्यक्ती होत्या. त्यांतल्या 89 टक्के लोकांचं तोंडी बोलणं वाढलं, 11 टक्क्यांचं जसंच्या तसं राहिलं आणि कमी झालं असं एकाचंही नाही. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही त्यांनी लिहिलंय. 2008 मध्ये फक्त ऑटिस्टिक मुलांच्या अभ्यासांचा असाच आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष तोच. म्हणजे ‘फलक दिला की मूल बोलतं’ असं वचन कुणी देत असेल तर सावध व्हा, पण ‘फलक दिला की बोलणं बंद पडतं’ याला आधार नाही.

2014 मध्ये कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 5 ते 8 वर्षांची 61 मुलं, सगळ्यांचे कामाचे शब्द वीसच्या आत. खेळातून संवाद शिकवण्याची एकच पद्धत दोन्ही गटांना दिली. एका गटाला सुरुवातीपासून बोलणारं यंत्रही दिलं. त्या गटातली मुलं आपणहून जास्त बोलू लागली, कुणी विचारलं म्हणून नव्हे. मला त्यातलं ‘आपणहून’ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कारणही समजण्यासारखं आहे. बोलायला श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ या सगळ्यांचा मेळ सेकंदाच्या काही भागात बसावा लागतो. काही मुलांचा नेमका तिथे घोळ होतो, मनात असतं पण तोंडापर्यंत पोहोचत नाही. त्यात वस्तू वर धरून ठेवली की ताण वाढतो, आणि ताणात हा मेळ आणखी बिघडतो. चित्र जागेवर राहतं, तोंडातून निघालेला शब्द हवेत विरतो. मूल चित्राकडे पुन्हा बघू शकतं. आणि दर वेळी बटण दाबलं की तोच शब्द त्याच सुरात ऐकू येतो, हाही एक धडाच असतो.

पाच वर्षांच्या मर्यादेबद्दल. 2013 च्या एका अभ्यासात वोडका आणि सहकाऱ्यांनी 535 ऑटिस्टिक मुलांची माहिती तपासली. चौथ्या वर्षापर्यंत ही मुलं शब्द जोडून बोलण्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. पुढे त्यांतल्या 70 टक्के मुलांना छोटी वाक्यं आली आणि 47 टक्के मुलं ओघवतं बोलू लागली. पाचव्या वाढदिवसाला दार बंद होत नाही. पण तोवर मुलाने मुकाट राहावं, हेही मला पटत नाही.

धाकटी_बहीण

तळटीप यांच्या दाढेच्या प्रसंगाने घशात आवंढा आला. माझा दादा आता चौतीस वर्षांचा आहे. त्याच्या लहानपणी हे काहीच नव्हतं. तो आजही माझा हात ओढत नेतो. घरी आईलाच त्याची प्रत्येक खूण कळते आणि आई थकत चाललीय. मोठ्या वयात सुरू करता येतं का?

वाचाभाषा

हो, नक्की येतं. फलकाला आधी अमुक यायला हवं, तमुक कळायला हवं अशी पात्रता परीक्षा नसते. चौतिसाव्या वर्षी सुरुवात केलेल्यांसोबत मी काम केलंय. फक्त बालवाडीची चित्रं त्यांच्यापुढे ठेवू नका. ते प्रौढ माणूस आहेत. त्यांच्या खोलीचे, माणसांचे, रोजच्या कामांचे फोटो घ्या.

आणि आईंना कळणाऱ्या खुणा आत्ताच लिहून काढा. ‘दादा असं करतो तेव्हा त्याला हे म्हणायचं असतं, अशा वेळी आपण हे करायचं.’ एक वही पुरेशी आहे. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर ती वही सगळ्या फायलींच्या वर ठेवा.

सरळरेषा

मी थोडा विरुद्ध अनुभव लिहितो. आमच्याकडे आठ महिने चित्रं चालू आहेत. मुलगी सहा वर्षांची. फलकावरचं खाऊचं चित्र उचलून हातात देते, खाऊ घेते, संपलं. आठ महिन्यांत खाऊ, पाणी, टीव्ही यांच्यापुढे गाडी गेली नाही. बोलणं थांबलं नाही हे खरं, पण हा संवाद म्हणायचा का? नाणं टाकून वस्तू घ्यावी तसं वाटतं.

वाचाभाषा

सरळरेषा, तुमची तक्रार रास्त आहे आणि ती तुमच्या मुलीच्या क्षमतेबद्दल अजिबात नाही. फलकावर काय आहे ते सांगाल का? माझा अंदाज, सगळी नामं असतील. तुम्ही-आम्ही दिवसभरात किती वेळा नुसती वस्तूंची नावं घेतो? आपलं बोलणं ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘बघ’, ‘दे’, ‘जाऊया’, ‘कुठे’, ‘माझं’, ‘संपलं’, ‘परत’ असल्या शब्दांवर चालतं. फलकावर यांना ठळक आणि कायमची जागा हवी. जागा बदलू नका, कारण बोटांना ती सवयीची व्हावी लागते. आपण कीबोर्डवर अक्षरं शोधत बसत नाही, तसं.

दुसरं, फलक तिच्याशी बोलताना तुम्ही वापरता का? तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा कुठे पहिला शब्द येतो. फलकाच्या भाषेत मात्र आपण पहिल्या दिवसापासून उत्तर मागतो. झोक्यावर तिला ढकलताना ‘अजून’वर बोट ठेवा आणि तोंडाने म्हणा. थांबवताना ‘थांब’वर. तिने काही करावं अशी अट नको, हात धरून दाबायला लावणं तर नकोच. दिवसातून दहा-वीस वेळा, महिनोन्महिने.

तळटीप

याला जोडून. आमच्या फलकावर ‘नको’ नव्हतं! दोन वर्षं! आम्हीच बनवलेला फलक, आणि आम्हाला सुचलंच नाही की त्याला नाही म्हणायचं असेल. ‘नको’ टाकल्यावर पहिले पंधरा दिवस तो सगळ्यालाच नको म्हणत सुटला. कपडे नको, आंघोळ नको, बाबा नको. आम्ही शक्य तिथे ते मानलं. त्यानंतर चावणं निम्म्यावर आलं. कुठल्याही थेरपीने एवढा फरक पडला नव्हता.

वाचाभाषा

हे तुमच्या घरापुरतं नाही. कार आणि ड्युरांड यांचा 1985 चा प्रसिद्ध प्रयोग आहे, चार मुलांवरचा. आधी मूल त्रागा कशासाठी करतं हे शोधलं, म्हणजे काम अवघड जातंय म्हणून की कुणी लक्ष द्यावं म्हणून. मग तेच सांगणारं एक छोटं वाक्य शिकवलं. जुळणारं वाक्य शिकवलं की त्रागा उतरला, न जुळणारं शिकवलं तर उतरला नाही. म्हणून ‘मदत’ आणि ‘नको’ हे शब्द पहिल्या दहात हवेतच.

काठावरचा

मी ऑटिस्टिक आहे. निदान एकोणतिसाव्या वर्षी झालं. नोकरी करतो, सभेत बोलतो, त्यामुळे हा धागा माझा नाही असं कुणाला वाटेल. पण फार आवाज, फार माणसं किंवा झोप कमी झाली की माझं बोलणं जातं. वाक्य डोक्यात तयार असतं, तोंड हलत नाही. एकदा चार तास गेलं होतं. अशा वेळी मी मोबाइलवर टाइप करून दाखवतो. लोक म्हणतात, ‘अरे, सकाळी तर छान बोलत होतास!’

रानफूल, तुम्ही लिहिलंत की तुमच्या मुलाचे शब्द रोज येत नाहीत. ते लबाडी किंवा आळस असेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. काल आलेला शब्द आज न येणं मी आतून ओळखतो. आणि वस्तू वर धरून ठेवण्याबद्दल वाचताना माझे हात गार पडले. मला कुणी टाइप करू न देता ‘आधी तोंडाने बोल’ म्हटलं असतं, तर त्या माणसाशी बोलायची इच्छाच उरली नसती.

अजून एक. ऑटिस्टिक माणसाला संवाद जमत नाही हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकतो. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. तुम्हाला आम्ही कळत नाही, तसेच आम्हाला तुम्ही. 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटाने ते तपासून बघितलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, कानगोष्टींच्या खेळासारख्या, आणि एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ दिली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती झपाट्याने गळत गेली. माझ्यासाठी तो दिवस मोठा होता. मग घरात फलक शिकायचा कुणी? दोघांनी.

मीनाक्षी_अ

आमच्या शाळेतल्या एका पालकांनी अक्षरांच्या पाटीबद्दल सांगितलं. ताई पाटी हवेत धरतात, मूल एकेक अक्षर दाखवतं आणि मोठमोठी वाक्यं, कविता होतात. ते बघून रडू आलं. हे एएसीच ना? आमच्या मुलीसाठी चौकशी करू का?

वाचाभाषा

मीनाक्षी, हे लिहिताना जड वाटतंय, कारण त्या पालकांचा आनंद खोटा नाही. पण कृपया थांबा. मुलाचा हात, मनगट किंवा पाटी दुसऱ्याने धरायची अशा पद्धतींना फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन आणि रॅपिड प्रॉम्प्टिंग म्हणतात. 1990 च्या दशकात यातल्या पहिल्या पद्धतीच्या, फॅसिलिटेटेड कम्युनिकेशनच्या, चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनिसाला, त्याच्या नकळत, दुसरं. टाइप झालं ते मदतनिसाने बघितलेल्या चित्राचं नाव. मदतनीस फसवत नव्हते. आपण हात वळवतोय हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, एएसएचएने, दोन्ही पद्धती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं.

ओळखायची खूण सोपी आहे. पाटी टेबलावर ठेवली आणि मदतनीस खोलीबाहेर गेला, तर मूल सांगू शकतं का? एएसीचं सगळं काम त्या दिशेने जातं, आपला हात सुटण्याकडे. जिथे तो हात कायम लागतो तिथे शब्द कुणाचे, हा प्रश्न विचारायलाच हवा. नाहीतर मुलीच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घालून आपण तिला पुन्हा गप्प करू.

मीनाक्षी_अ

वाचून वाईट वाटलं, पण बरं झालं विचारलं. टेबलावर ठेवून बघायला सांगेन.

सरळरेषा

फलक बदलला. नामं खाली, ‘नको-अजून-थांब-बघ’ वर. आम्ही दोघं दिवसभर बोटं ठेवत फिरतोय. अजून तिच्याकडून नवीन काही नाही. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर बघता येईल.

आणखी एक विचारायचं होतं. चित्रं कुठून घेता? आणि आम्हाला सांगितलंय की घरात मराठी बंद करा, इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळेल.

तळटीप

चित्रांसाठी अरासाक बघा. स्पेनमधल्या अरागॉन सरकारचा चित्रसंग्रह आहे, हजारो चित्रं, विकायची नसतील तर मोफत वापरता येतात. टॅबसाठी सीबोर्ड हे ॲप खुलं आहे, ब्राउझरमध्येही चालतं. आधी कागदावर करून बघा. टॅब पडतो, चार्जिंग संपतं. कागद कायम सोबत ठेवा.

एक गंमत मात्र झाली. आमच्या ॲपवर आवाज भरला तो माझ्या बायकोने. पोरगा आठवडाभर ‘मी जाते’, ‘मी आले’ म्हणत होता. मराठीत हे लक्षात ठेवावं लागतं! मग त्याच्या चुलतभावाने, साधारण त्याच वयाच्या, सगळी बटणं पुन्हा भरली. त्या दिवशी त्याने प्रत्येक बटण दोन-दोनदा दाबून ऐकलं.

वाचाभाषा

मराठी बंद करू नका. हॅम्ब्ली आणि फोम्बोन यांनी 2012 मध्ये 75 ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास केला, दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा मागे नव्हती. आजी ज्या भाषेत लाड करते ती भाषा काढून घेतली, तर मूल जेवणाच्या गप्पांतून बाहेर पडतं.

पालकांच्या शिकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग आहे, 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी. नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी अशी त्याची मूळ रचना. जिथे तज्ज्ञ कमी आहेत तिथल्यासाठीच ते बनवलंय. ऑनलाइन स्वरूपातही आहे.

आणि शाळेत कुणी ‘टॅब दप्तरातच राहू दे’ म्हणालं तर एक गोष्ट माहीत असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2006 च्या करारात, दुसऱ्या कलमात, संवादाची व्याख्याच पूरक आणि पर्यायी साधनं धरून केलीय. एकविसावं कलम अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचं आहे आणि त्यात हीच साधनं पुन्हा येतात. चश्मा दप्तरात ठेव असं आपण कुणाला म्हणत नाही.

धाकटी_बहीण

वही सुरू केली. आईने एका संध्याकाळी एक्केचाळीस खुणा सांगितल्या. मला त्यातल्या सहा माहीत होत्या.

रानफूल

अडीच महिन्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफी.

आम्ही सुरू केलं. नऊ चित्रांचा कागद, पहिल्या ओळीत ‘अजून’, ‘नको’, ‘संपलं’. पहिले पाच आठवडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, एकदा फाडला, दोनदा चावला. मी बोट ठेवत राहिले. मग एकदा केस विंचरताना त्याने कंगव्याला ढकललं नाही, ओरडला नाही. वाकून जमिनीवरच्या कागदावर ‘नको’वर अख्खा तळवा ठेवला. मी कंगवा खाली ठेवला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ. केस दोन दिवस तसेच होते.

शब्द वाढलेत का? एक वाढला. ‘अदून’. कागद जवळ नसतानाही म्हणतो, झोक्यावर.

सासूबाईंनी अजून मान्य केलेलं नाही. पण परवा त्या त्याला गोष्ट सांगत होत्या आणि शेवटी त्यांचं बोट आपोआप ‘संपलं’वर गेलं. मी काही बोलले नाही.

एक अडचण आहे. आंघोळीच्या वेळी कागद बाहेर राहतो आणि नेमका तिथेच सगळ्यात जास्त रडतो. पाणी गरम लागतं की डोळ्यांत साबण जातो, कळत नाही.

तळटीप

लॅमिनेट करून भिंतीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. ‘गरम’, ‘गार’, ‘डोळे’, ‘थांब’ आणि ‘नको’. कडा चारही बाजूंनी नीट बंद करा, नाहीतर आठवड्यात पाणी शिरतं. आमचा तिसरा चालू आहे.